रोल कुणी धुतला

रोल वहिनीनं धुतला नव्हता. मी धुतला होता.

एवढं एक वाक्य सरळ लिहायला मला जवळजवळ सगळं आयुष्य लागलं. आमच्या घरात, पाहुण्यारावळ्यांत आणि मी ज्या कॉलेजात शिकवलं तिथं मिळून पुष्कळ माणसांनी ही गोष्ट ऐकली आहे आणि पोट धरधरून हसली आहेत. त्यांतल्या निम्म्यांना तरी ती मीच सांगितली. ती खोटी आहे हे मला माहीत होतं, वहिनीला माहीत होतं, आणि तिसऱ्या एका माणसाला माहीत होतं, तो आता नाही.

ज्यांनी मोबाइलवरच फोटो काढले त्यांच्यासाठी आधी एक सांगायला हवं. आमच्या शहरात फोटोचा रोल ‘धुवायला’ टाकत असत. छापायचा नंतर, आधी धुवायचा. ‘रोल धुतला का?’, ‘धुऊन कधी मिळेल?’ असं स्टुडिओच्या काउंटरवर बोललं जायचं, शेजारच्या लाँड्रीत बोलावं तसं. खरं तर ते काम अंधाऱ्या खोलीत, औषधाच्या पाण्यात, मिनिटं मोजत करायचं. तोवर रोलला उजेडाचा एक कवडसाही चालत नाही. पण शब्द मात्र धुण्याचाच. या शब्दानं घोळ केला असं मी लोकांना सांगत आलो. शब्दाचा काही दोष नव्हता.

आम्ही तेव्हा बेगमपुऱ्यात दोन खोल्या आणि पुढं फरशीचं अंगण अशा भाड्याच्या घरात राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून होते. थोरला भाऊ, दादा, गिरणीत होता. सकाळ अजानीनं सुरू व्हायची, मग नळावर घागरींची भांडणं, मग दादाच्या सायकलची घंटी, आणि त्या सगळ्याच्या खालून वहिनीच्या भाकरी थापण्याचा आवाज. वहिनी घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. सोयगावकडं, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याला तिचं माहेर. सातवीपर्यंत शिकलेली, वयानं माझ्याहून जेमतेम वर्षानं मोठी, आणि जिभेला अशी धार की आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणी विनोद केला नव्हता त्याची भरपाई ती एकटी करत होती. अण्णा जेवताना बोलत नसत. एकदा तिनं त्यांना वाढताना गंभीर चेहऱ्यानं विचारलं, ‘मामंजी, भाकरी कडक झाली का? नाय म्हणजे तुम्ही फाइल पाह्यल्यासारखं पाहून राहिले तिच्याकडं.’ अण्णा हसले. आईच्या हातातली पळी आमटीत पडली. अण्णांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले असं मी नंतर म्हणायचो, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

मी बी. एस्सी.ला होतो, विषय प्राणिशास्त्र. ओळखपत्रासाठी फोटो काढायला शहागंजात रशीदचाचांच्या स्टुडिओत गेलो आणि तिथलाच होऊन गेलो. पोलीस ॲक्शननंतर चाचांचे थोरले भाऊ हैदराबादेत नातलगांकडं गेले ते तिकडचेच झाले. दुकान, लाकडी स्टँडचा जुना कॅमेरा आणि बीबीचा मकबरा रंगवलेला पडदा चाचांच्या वाट्याला आला. खरा मकबरा सायकलवर दहा मिनिटांवर असताना लोक केस विंचरून त्या रंगवलेल्या मकबऱ्यापुढं उभे राहायचे. काउंटरच्या काचेखाली नवरानवरींचे फोटो मांडलेले होते, आणि त्यांच्या मधोमध एक विचित्र फोटो: वाळूच्या कणांची बोटाच्या पेराएवढी नळी, आणि तिच्या तोंडातून बाहेर डोकावणारी अळी. मी म्हणालो, ‘हे चित्र आमच्या पुस्तकात आहे.’

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘किताब में देखा. पानी में देखा?’

‘नाही.’

‘फिर क्या देखा, मियाँ!’

झालं. पुढच्याच रविवारी चाचांच्या लुनावर मागं बसून मी वेरूळच्या डोंगरात गेलो. लेण्यांच्या वरच्या अंगाला एक ओढा आहे, पावसाळ्यानंतर चांगला वाहतो. लेण्यांचे फोटो काढायला आले असताना चाचा उन्हानं दमून एकदा त्यात पाय सोडून बसले होते, आणि पायाशी ती अळी आपलं घर ओढत चाललेली दिसली. ‘मैं बोला, अरे, ये तो मिस्त्री है!’ असं ते सांगायचे. वाळूचा कण निवडायचा, फिरवून पाहायचा, आपल्याच तोंडातल्या धाग्यानं चिकटवायचा, नको असला तर टाकून द्यायचा. त्या दिवसापासून लग्नाचे फोटो हे चाचांचं पोट होतं आणि ओढ्यातले किडे हा त्यांचा जीव.

त्यांची काम करण्याची रीत मी पुढं कुठल्याही पुस्तकात वाचली नाही. खडकावर पोटावर पालथं पडायचं. पाण्यात आभाळ चमकतं आणि तळ दिसत नाही, म्हणून दुसऱ्यानं वर काळी छत्री धरायची. छत्रीच्या सावलीत पाणी एकदम काचेसारखं उघडायचं आणि खाली एक गावच्या गाव दिसायचं. दगडाला चिकटलेल्या चपट्या अळ्या, तीन शेपट्यांची बारकी पिल्लं, वर पाण्याच्या पातळ कातडीवर पाय न बुडवता धावणारे लांबड्या पायांचे किडे. मग न्हाव्याकडचा हातातला आरसा घेऊन उन्हाचा एक तुकडा नेमका त्या किड्यावर टाकायचा. छत्री आणि आरसा दोन्ही माझ्याकडं. हात जरा हलला की चाचा पडल्या पडल्या ओरडायचे, ‘सूरज कायकू हिला रहे, मियाँ?’ किडा पाण्याबाहेर काढायचा नाही, हा त्यांचा नियम. आणि दुसरा नियम: दगड उचलला तर जसा होता तसाच, ओली बाजू खाली करून ठेवायचा. ‘जिसका छत उठाया, उसका छत वापस रखो.’ मी पुढं विद्यार्थ्यांना हे वाक्य फळ्यावर लिहून देत असे. तेवढं तरी खरं सांगितलं.

एका संध्याकाळी चाचा ताजे छापलेले फोटो दाखवायला आमच्या घरी आले. आईनं चहा केला, अण्णांनी दोन फोटो पाहून ‘छान’ म्हटलं आणि वर्तमानपत्र उघडलं. वहिनी कप उचलायला आली आणि वाकून पाहत म्हणाली, ‘हा तर बिऱ्हाडी.’

‘क्या बोली?’ चाचा उठूनच उभे राहिले.

‘बिऱ्हाडी. आम्ही पोरी असंच म्हणायचो याला. समदं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतो ना. आमच्या ओढ्यात लई आहेत. एक तर काड्यांचं घर बांधतो, लाकडाची मोळीच डोक्यावर घेतल्यावाणी.’

चाचा आनंदानं अक्षरशः लाल झाले. इतकी वर्षं ते त्या किड्यांना मिस्त्री म्हणत होते, मी पुस्तकातलं लांबलचक नाव घेत होतो, आणि त्यांचं खरं नाव आमच्या चुलीपाशी बसलेलं होतं. वहिनी मग बोलतच सुटली. खेकडे धरताना दगड कसा उचलायचा आणि तसाच परत का ठेवायचा, नाहीतर पुढच्या खेपेला तिथं खेकडा मिळत नाही. खडकांवर सकाळी चतुरांच्या रिकाम्या काती कशा चिकटलेल्या असतात. ‘चतुर पाण्यातून निघतो. पहाटं. मी पाह्यलंय.’ मी म्हणालो, ‘वहिनी, दिवसाही निघत असतील, पुस्तकात वेगळं…’ ती म्हणाली, ‘मग पुस्तकालाच ओढ्यावर न्या भाऊजी, मला कशाला विचारता?’

दिवाळीला तिला माहेरी पोचवायचं होतंच. दादाला गिरणीतून सुट्टी नव्हती. मी पोचवायचं ठरलं, आणि चाचांनी त्या चार दिवसांत दुकानाला कुलूप लावलं. सिल्लोड, अजिंठा करत एस.टी. घाट उतरली तेव्हा चाचा खिडकीतून प्रत्येक नाल्याकडं बोट दाखवून ‘इसमें भी होंगे, इसमें भी होंगे’ म्हणत होते. एस.टी.पासून पुढं बैलगाडी. वहिनीचे वडील, आबा, गाडी घेऊन आले होते. मुलीला पाहताच ‘तायडे, वाळली गं’ म्हणाले, आणि चाचांना पाहून, ‘फोटोवाले का? आमच्या बैलाचा काढाल का?’ पहिला फोटो बैलाचाच निघाला.

त्या घरी मी जसा जेवलो तसा पुन्हा कधी जेवलो नाही. कळण्याची भाकरी, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यात कांद्याची पात आणि वर कच्चं तेल. ठेच्यानं चाचांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते रडत रडत अजून मागत होते. ‘चाचा, पाणी घ्या,’ आबा म्हणाले. ‘पानी नक्को, भरीत देव,’ चाचा म्हणाले. ओढा घरामागच्या शेतापलीकडं, डोंगरातून दगडांवरून उड्या मारत येणारा. दोन दिवस आम्ही तिथून हललो नाही. बिऱ्हाडी तर इतके की कुठं बघावं कळेना. वाळूचे, काड्यांचे, एकानं तर शंखाचे बारके तुकडे चिकटवून घर सजवलेलं. छत्री आता वहिनीनं धरली आणि चाचांना ती एकदाही हलल्याचं म्हणावं लागलं नाही. मला ते थोडं लागलं. हे मी आत्ता लिहितो आहे, तेव्हा मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी पहाटे निघायचं ठरलं, चतुरासाठी. वहिनीनं मला हाक मारली, मी ‘आलोच’ म्हणून कूस बदलली. पुस्तकावर माझा भरवसा होता आणि गोधडी गरम होती. जाग आली तेव्हा फटफटलं होतं. दातवण तोंडात घालून मी ओढ्याकडं धावलो आणि जे पाहिलं ते अजून तसंच्या तसं डोळ्यांपुढं आहे. चाचा काठावर एक गुडघा धरून बसलेले, शेवाळावरून पाय सरकला होता. ओढ्याच्या मध्यावर एक काळा खडक. त्याच्यापाशी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, पोटऱ्याभर पाण्यात वहिनी उभी. चाचांचा कॅमेरा तिच्या गळ्यात, दोन्ही कोपरं खडकावर टेकलेली. आणि चाचा काठावरून हलक्या आवाजात, जणू मशिदीत बसले आहेत अशा आवाजात सांगत होते, ‘साँस रोको, बेटी. अब दबाओ. अब साँस लो. चाबी फिराओ.’

खडकावर मातकट रंगाचं एक पिल्लू नखं रोवून बसलं होतं आणि त्याची पाठ उसवली होती. त्या उसवलेल्या फटीतून फिकट, पोपटी, ओलं असं काहीतरी वर येत होतं. आधी डोळे, मग छाती, मग सगळं अंग मागं झुकून लोंबकळलं, आता पडतं की काय असं. मग ते एकदम उठून आपल्याच रिकाम्या पाठीवर चढलं. चुरगळलेल्या कागदासारखे पंख, पाहता पाहता त्यांत पाणी भरल्यासारखे ताठ झाले. ऊन डोंगरावरून खाली उतरलं आणि त्या पंखांवर पडलं तेव्हा वहिनी कॅमेऱ्यामागून स्वतःशीच म्हणाली, ‘आगं माय!’ आणि खटका दाबला. मी दातवण हातात धरून उभा होतो. मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. ते खरं आहे. आणि ते फोटो मी काढलेले नाहीत हेही त्याच क्षणी मनात आलं, तेही खरं आहे.

वहिनीही माहेरी न राहता आमच्याबरोबरच परत निघाली. एस.टी.त चाचांनी जाहीर केलं की बेटीचा हात पक्का आहे, आता दर महिन्याला एक रोल तिचा. वहिनी खिडकीकडं तोंड करून हसत होती. चाचा सांगत होते, रोल धुतल्याशिवाय काही बोलू नये, धुतल्यावर कळेल. वहिनी म्हणाली, ‘धुवायचाच ना? मग मीच धुते की. नीळ देऊन, चांगला आपटून.’ पुढच्या सीटवरचा कंडक्टरही हसला. सिल्लोडला चाचा मुलीकडं उतरले. जाताना कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. ‘चार फोटो बाकी हैं. तुम लेव. मगर रोल मत निकालना, मैं कल शाम को आता.’ माहेरची दिवाळी सोडून आल्याचं वहिनीला जराही वाईट वाटलं नव्हतं. आबा चार दिवस राहा म्हणत होते, तिलाच ते फोटो पाहायची घाई होती. रात्री जेवताना तिनं तो नीळ देण्याचा विनोद स्वतः सगळ्यांना सांगितला आणि दादा इतका हसला की त्याला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. आई आणि वहिनी भाजीला गेल्या होत्या, अंगणात धुण्याची बादली भिजत होती. मी उरलेले चार फोटो काढून टाकले, तीन मांजराचे आणि एक स्वतःचा, आरशात. मग मला वाटलं, चाचा येण्याआधी आपण रोल स्टुडिओत नेऊन धुवावा. दुकानाची एक किल्ली माझ्याकडं असायची. वहिनीचे फोटो सगळ्यांच्या आधी आपण पाहावेत, आपण सगळ्यांना दाखवावेत. रोल काढण्याआधी कॅमेऱ्याच्या बुडाचं बारीक बटण दाबून फिल्म परत डबीत गुंडाळावी लागते. चाचांच्या बोटांनी ते हजारदा झालेलं मी पाहिलं होतं, माझ्या बोटांनी एकदाही केलं नव्हतं. मी बटण न दाबताच वरची चावी फिरवली, ती फिरेना, मी समजलो गुंडाळून झाली. आणि दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याची पाठ उघडली.

फिल्म आत तशीच होती. भर उन्हात चमकत होती, ओल्या पानासारखी. मी झाकण दाणकन मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं, जणू दुसऱ्या खेपेला ती आत गेलेली असेल. किती वेळ तसा बसलो माहीत नाही. मग माझं लक्ष धुण्याच्या बादलीकडं गेलं.

इथं मला थांबायला हवं, कारण इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते घाबरून, न कळत घडलं. तसं नाही. मी शांतपणे फिल्म काढली. चाचांनी शिकवलं होतं तशी डबीची टोपी अंगठ्यानं वर ढकलून उघडली, टोपी आणि डबी मोरीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवली. फिल्म साबणाच्या पाण्यात बुचकळली, दोनदा चोळली, आणि वहिनीच्या लुगड्याशेजारी दोरीवर चिमट्यानं लावली. आई आणि वहिनी दारात आल्या तेव्हा मीच आधी ओरडलो, ‘वहिनी, अहो, हे काय केलंत तुम्ही!’

पुढचं मी सांगत आलो ते सगळं खरं आहे. दादा कामावरून आला आणि दोरीवर लोंबकळणारी फिल्म पाहून खालीच बसला. अण्णा त्यांच्या आयुष्यात दुसऱ्यांदा हसले. वहिनी म्हणाली, ‘मी नाय धुतला.’ आई म्हणाली, ‘मग काय मांजरानं धुतला गं?’ दादा म्हणाला, ‘नीळ द्यायची राहिली वाटतं!’ वहिनी पुन्हा म्हणाली, ‘व्हय हो, मी खरंच नाय धुतला,’ आणि जितकं ती म्हणे तितकं सगळे हसत. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. जास्त नाही, चूल पेटली की नाही पाहायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मी हसत होतो.

संध्याकाळी चाचा आले. ते हसले नाहीत. दोरीवरची फिल्म त्यांनी उजेडात धरून पाहिली, मग मोरीच्या कट्ट्यावरची डबी उचलली, टोपी उचलली, एकावर एक बसवून पाहिली. ‘टोपी बड़ी सफाई से खोली है,’ ते म्हणाले. ‘सीखे हुए हाथ का काम है.’ सगळ्यांना वाटलं, ते वहिनीची थट्टा करताहेत. ते माझ्याकडं पाहत होते. त्यानंतरही मला ते दर रविवारी लुनावर मागं बसवून नेत राहिले, पुष्कळ वर्षं, आणि एका शब्दानं कधी विचारलं नाही. ते वाट पाहत होते हे मला कळत होतं. त्यांच्या घरी मी मुलांबरोबर बसून नानखलिया खाल्ला, त्यांच्या आजारपणात उशाशी बसलो, आणि तेवढं एक वाक्य सोडून बाकी सगळं बोललो. त्यांच्याकडची माफी आता मागून मिळण्यासारखी नाही.

वहिनीनं मात्र वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी धुणं झालं तेव्हा माझे कपडे तसेच घमेल्यात पडलेले. आईनं विचारलं तर म्हणाली, ‘भाऊजींचे कपडे मी धुत नाय. माझ्या हातानं धुतलं की समदं कोरं होतं.’ घरात पुन्हा हशा. पुढं सहा महिने मी माझे शर्ट स्वतः धुतले. ताटात मला भाकरी नेहमी करपलेली यायची, एकच, नेमकी वरची. मी मुकाट्यानं खायचो. कुणाला काही कळत नव्हतं आणि आम्हा दोघांना सगळं कळत होतं. हळूहळू भाकरी बरी यायला लागली. तिचा स्वभावच असा की राग तिच्यात राहायला जागा शोधतो आणि कंटाळून निघून जातो. दिवाळीच्या चिवड्यावरून, मांजराच्या पिल्लांवरून, आईच्या कुळथाच्या पिठल्यावरून आम्ही पुन्हा भांडायला आणि हसायला लागलो. घर पहिल्यासारखं सुखाचं झालं, आणि ते सुखाचंच होतं.

पण कॅमेरा तिच्या हातात पुन्हा आला नाही. चाचांनी दोनदा निरोप पाठवला, बेटीला पाठवा, नवा रोल भरून ठेवलाय. पहिल्यांदा दादा म्हणाला, ‘नको, नसती जोखीम.’ दुसऱ्यांदा आई म्हणाली, ‘रोल धुतला, आता कॅमेराच भिजत घालायची!’ वहिनी आत कणीक मळत होती. तिसऱ्यांदा चाचांनी विचारलं नाही. त्या ओढ्यावर पुढं मी अनेक वर्षं जात राहिलो, विद्यार्थ्यांना नेलं, चतुर निघतानाचे फोटो काढले. ते कॉलेजच्या भिंतीवर लागले, खाली माझं नाव. लोक ‘वा’ म्हणायचे. मला दर वेळी ठाऊक असायचं की इतक्या जवळून, इतक्या खालून, कोपरं खडकावर टेकून कुणी काढलेला नाही. आणि फोटो कसा धुतात हे वर्गात शिकवताना मी रोलचा किस्सा सांगायचो. एका हुशार बाईचा विनोद मी तिचा अडाणीपणा करून टाकला आणि त्यावर माझा तास रंगवला.

परवा माझ्या पुतण्याच्या मुलीची सुपारी फुटली. कार्यक्रम घरीच होता. नवे व्याही बिडकीनचे, माणसं मोकळी. जेवणं होऊन सगळे हॉलमध्ये बसले होते. दादा आता कानानं कमी ऐकतो, तो खुर्चीत. वहिनी त्याच्या शेजारी, पायाला पट्टा बांधलेला, नव्या सोयऱ्यांना सुपारी कातरून देत. पुतण्या म्हणाला, ‘काका, तो आईचा रोलचा किस्सा सांगा ना. यांनी ऐकला नाही.’ व्याही सरसावून बसले. पोरं आधीच हसायला लागली. वहिनी मान खाली घालून कातरत राहिली, हा किस्सा सुरू झाला की ती नेहमी असंच काहीतरी कातरत, निवडत, सोलत असायची. इतकी वर्षं ते माझ्या डोळ्यांना दिसत होतं. त्या दिवशी ते मला दिसलं.

मी नेहमीसारखीच सुरुवात केली. एस.टी., चाचा, नीळ देऊन धुण्याचा विनोद. व्याही खळखळून हसले. मग मी म्हणालो, ‘आणि दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी कॅमेरा उन्हात उघडला.’ पुतण्या म्हणाला, ‘काका, चुकलं, आईनं…’ मी म्हणालो, ‘आईनं नाही. मी. रोल मी उन्हात घालवला आणि बादलीत मीच बुचकळला. तिच्या लुगड्याशेजारी वाळत मी घातला. तिनं तेव्हा दोनदा सांगितलं होतं, आपण कुणी ऐकलं नाही.’ कुणी हसलं नाही. दादा पुढं वाकून मोठ्यानं विचारत होता, ‘काय म्हणतोय? काय म्हणतोय हा?’

मी वहिनीच्या समोर जाऊन खाली बसलो. गुडघे आता पटकन वाकत नाहीत, वेळ लागला. म्हणालो, ‘वहिनी, त्या रोलमध्ये तुम्ही काढलेले फोटो होते. सहा-सात तरी. तसे मला आयुष्यात जमले नाहीत. ते मी घालवले आणि वर सगळ्यांना तुमच्यावर हसायला लावलं, इतकी वर्षं.’

तिचा अडकित्ता थांबला. पोरांकडं, व्याह्यांकडं तिनं एकदा पाहिलं, मग माझ्याकडं.

‘अकरा,’ ती म्हणाली. ‘सहा-सात नाय, भाऊजी. अकरा काढले होते मी. शेवटचा उडतानाचा.’

चतुर उडाला तेव्हाचा फोटोही तिनं काढला होता, हे मला माहीतच नव्हतं. मी तोवर तोंड धुवायला घरी परतलो होतो.

‘अकरा,’ मी म्हणालो. ‘वहिनी, त्या अकराही फोटोंची मी माफी मागतो.’